हायड्रोमीटरवर १.०२५ दिसलं म्हणून ते समुद्राचं पाणी होत नाही

घरी समुद्री माशांची टाकी लावायला गेलो, आणि एकाच विक्रेत्याकडे गेले एकूण ९६,४५० रुपये. तीन फुटी टाकी, स्टँड आणि संप (टाकीखालची गाळणीची टाकी) ३४,०००. लाइव्ह रॉक, म्हणजे जिवाणू वसलेले समुद्री दगड, २५ किलो, ६५० च्या भावाने १६,२५०. समुद्राचं पाणी बनवायचं मीठ ६,८००. दोन क्लाऊनफिश २,४००. पाणी थंड ठेवणाऱ्या चिलरसाठी आगाऊ २२,०००, कोरलसाठी (प्रवाळ) आगाऊ १५,०००. शेवटच्या दोन गोष्टी ठाण्यात माझ्या घरी आजवर आलेल्या नाहीत.

आगाऊ घेऊन फोन बंद करणारे तुम्हाला माहीत आहेत. मला जाळतंय ते दगडाचं. लाइव्ह रॉक ओला आणतात, त्याला समुद्राचा वास असतो, हे मी महिनाभर वाचलं होतं. या विक्रेत्याने कोरडे दगड पोत्यातून आणले. एक नळाखाली धरला तर अंगठ्याला जांभळा रंग लागला. खऱ्या लाइव्ह रॉकवरचं जांभळं कोरलाइन शेवाळ खरवडावं लागतं. नुसत्या पाण्याने उतरतो तो रंगच! अंगठा त्याला दाखवला. "प्रवासात सुकलंय साहेब, आठवड्यात जिवंत होईल." आणि मी चिलरचे २२,००० तिथेच, उभ्या उभ्या यूपीआयने पाठवले. ओल्या अंगठ्यानेच.

मी भोळा नाही. एप्रिल होता, आमच्याकडे पाणी ३१ अंशांवर जातं, चिलर लागणारच होता. आणि त्या माणसाला स्किमरपासून (फेसातून घाण काढणारं यंत्र) संपपर्यंत सगळं तोंडपाठ होतं. अशा माणसावर कुणीही विश्वास ठेवला असता.

मासे सोडण्याआधी टाकीत जिवाणू वाढू देतात, त्याला सायकलिंग म्हणतात. "दगड जिवंत आहे, सायकलिंग कशाला?" म्हणून त्याने मासे लगेच सोडायला लावले. मेलेल्या दगडात माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू कुठून येणार? दोन्ही मासे पृष्ठभागाशी येऊन कल्ले भराभर हलवत राहिले आणि पाचव्या दिवशी गेले. टाकी सायकल व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी मासा विकतो तो दुकानदार नव्हे.

मीठही खोटं. हायड्रोमीटर १.०२५ दाखवत होता, कारण तो फक्त घनता मोजतो. साधं मीठ घातलं तरी तेवढंच दाखवेल. कॅल्शियम मोजायचं किट आणलं. खऱ्या समुद्राच्या पाण्यात ते लिटरला ४२० मिलिग्रॅमच्या आसपास हवं, म्हणजे पाणी निळं व्हायला वीस-एकवीस थेंब. माझं पाणी दुसऱ्याच थेंबाला निळं झालं. बादलीचं सील तपासा, पहिल्यांदा मीठ घोळलेल्या पाण्याचं कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (आम्ल पचवायची क्षमता) मोजा.

पोलीस ठाण्यात तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा "साहेब बंदोबस्तात आहेत". दुसऱ्यांदा "हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा". तिसऱ्यांदा एकाने विचारलं, "माशांसाठी लाखभर कोण घालतं?" माझे कष्टाचे पैसे मी कशावर घालावेत हा प्रश्न त्यांचा आहे का? रंगवलेले दगड विकणं ही फसवणूक नाही, तर फसवणूक म्हणायची कशाला? बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. अर्जाची पोचसुद्धा मागून घ्यावी लागली. तुम्ही सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन करा, मी नऊ दिवस "आज आणतो" ऐकत बसलो. रोख देऊ नका, बिलाशिवाय आगाऊ देऊ नका.

शेवटच्या फोनवर तो म्हणाला, "खुशाल तक्रार करा, कोरल तुम्हीच मागितलंत." प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे त्यांची खरेदी-विक्रीच गुन्हा, हे त्याला आधीपासून माहीत होतं. मला तेव्हा कळलं. गिऱ्हाईक याच भीतीने गप्प बसतं, यावरच त्याचा धंदा चालतो. मी अर्जात ते १५,००० सुद्धा लिहिलेत, कशासाठी दिले त्यासकट.