बेसमेंटच्या भिंतीला ओवेन्स कॉर्निंगचा गुलाबी फोम बोर्ड: ओलीपुढे किती टिकतो?

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मिशिगनकडे घराला बेसमेंट असतंच. आई-बाबा सहा महिने राहायला येणार म्हटलं, की ते फिनिश करायचा विषय निघतो. अजूनही बरेच कॉन्ट्रॅक्टर काँक्रीटच्या भिंतीसमोर लाकडी स्टड (उभे खांब) लावून खणांत फायबरग्लास भरतात, वर प्लास्टिक ताणतात आणि ड्रायवॉल ठोकून मोकळे होतात. मग काही उन्हाळ्यांत कुबट वास सुटतो. ड्रायवॉल उघडलं तर फायबरग्लासची मागची बाजू ओली आणि खालच्या लाकडी प्लेटवर (स्टडखालच्या आडव्या पट्टीवर) बुरशी दिसते.

हे पाणी दर वेळी बाहेरून झिरपलेलं नसतं. जमिनीखालची भिंत जुलैतही १५ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. खोलीत २४ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं तो, जवळजवळ १६ अंशांवर येतो. फायबरग्लास हवा अडवत नाही, त्यामुळे दमट हवा मागे पोचते आणि भिंतीला घाम फुटतो. प्लास्टिकमुळे हा ओलावा परत खोलीकडे वाळायची वाटही बंद होते.

ओवेन्स कॉर्निंग कंपनीचा गुलाबी फोम्युलर एनजीएक्स बोर्ड इथेच उपयोगी पडतो. तो एक्सपीएस (एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरीन) जातीचा फोम आहे, शीट ४ बाय ८ फूट, आणि २ इंच जाडीला आर-१० मिळतो (आर-मूल्य जितकं जास्त, तितकी उष्णता जास्त अडते). पाणी जवळजवळ शोषत नाही. वाफ १ पर्मपेक्षा (पर्म हे वाफ किती आरपार जाते त्याचं माप) कमी, पण थोडी सोडतो, म्हणून काँक्रीटला हळूहळू आत वाळता येतं. थेट काँक्रीटला चिकटवला, की खोलीच्या हवेला थंड पृष्ठभाग सापडतच नाही. आमच्या मते २ इंचीच घ्यावा. थंडी कडक असेल, तर पुढच्या २ बाय ४ च्या स्टडमध्ये आर-१५ ची मिनरल वूल भरावी, मात्र प्लास्टिक कुठेही लावू नये.

हा बोर्ड वॉटरप्रूफिंग नाही, हे ठळकपणे सांगायला हवं. खरेदीआधी १८ इंच चौकोनी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना टेप लावून भिंतीवर किमान १६ तास ठेवा. थेंब भिंतीकडच्या बाजूला आले, तर ओल काँक्रीटमधून येते आहे. खोलीकडच्या बाजूला आले, तर ती हवेतली आहे. पांढरा लोणा फुललेला असेल, तर आधी बाहेरची कामं करावी लागतील: छताचं गटर साफ, डाउनस्पाउटचं (गटरमधून खाली येणाऱ्या नळाचं) पाणी घराच्या पायापासून लांब, आणि पहिल्या १० फुटांत जमिनीला ६ इंच उतार. भेगेतून पाणी वाहत असेल, तर बोर्डाचा विचार ती दुरुस्त झाल्यावरच.

२० बाय ३० फुटांच्या, ८ फूट उंचीच्या बेसमेंटला भिंतींसाठी २५ शीट लागतात. रिम जॉइस्टसाठी, म्हणजे काँक्रीटच्या वर लाकडी चौकट बसते त्या पट्टीसाठी, आणखी ३ धरा. तिथे हवेची गळती सगळ्यात जास्त असते आणि नेमकी तीच जागा बहुतेक वेळा सुटते. खणाच्या मापापेक्षा किंचित लहान तुकडा कापून बसवावा आणि चारही बाजूंनी कॅनमधला स्प्रे फोम मारावा.

गोंद फोमबोर्डचाच हवा, उदाहरणार्थ पीएल ३००. सॉल्व्हंटवाला साधा कन्स्ट्रक्शन गोंद एक्सपीएस विरघळवतो. पाव इंच जाडीची धार शीटच्या चारही कडांनी अखंड फिरवून मधून एक उभी धार दिली, की १० औंसाची एक नळी एका शीटला संपते. नुसते मधे मधे गोळे लावले, तर बोर्ड आणि काँक्रीट यांच्यामध्ये हवा खेळत राहते आणि घाम पुन्हा सुरू होतो. गोंद धरेपर्यंत फळीचा टेका द्यावा. ओतीव काँक्रीटवर साच्याच्या जोडाचे उंचवटे असतात, ते आधी छिन्नीने उडवून घ्यावेत. सगळे सांधे शीदिंग टेपने बंद करावेत, खालची-वरची फट स्प्रे फोमने भरावी. बोर्डाचं यश या सांध्यांवरच ठरतं. चोख बसवलेला स्वस्त पांढरा ईपीएससुद्धा (साधा थर्माकोल) निष्काळजीपणे लावलेल्या एक्सपीएसपेक्षा चांगला, फक्त तेवढ्याच आर-मूल्यासाठी त्याची जाडी थोडी जास्त लागते.

स्टड बोर्डाच्या पुढे उभे करायचे. खालची प्लेट प्रेशर-ट्रीटेड लाकडाची आणि तिच्याखाली सिल गॅस्केट (फोमची पातळ पट्टी) हवी, नाहीतर जमिनीच्या काँक्रीट स्लॅबची ओल लाकडात चढते. ड्रायवॉल जमिनीपासून अर्धा इंच वर थांबवा. उन्हाळ्यात डीह्युमिडिफायर लावून आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत ठेवा.

या बोर्डाची मोठी अडचण आगीची आहे. तो उघडा ठेवता येत नाही, वर किमान अर्धा इंच ड्रायवॉल लागतंच. फर्नेसच्या कोपऱ्यात ड्रायवॉल नको असेल, तर फॉइल लावलेला थर्मॅक्स हा पॉलिआयसो (दुसऱ्या जातीच्या फोमचा) बोर्ड पाहावा. तो काही ठिकाणी उघडा ठेवायला मान्यता आहे, पण खरेदीआधी आपल्या टाउनशिपच्या इन्स्पेक्टरला विचारून घ्या.