आधी मेंढ्याचं तोंड उघडा, मग खिशात हात घाला

सांगोल्याच्या बाजूला आमच्या तीस-पस्तीस मेंढ्या आहेत. बहुतेक दख्खनी, काळ्या. आजीच्या वेळी त्यांची लोकर सनगराकडे जायची आणि घोंगडं होऊन घरी यायची. आता कातरणीची मजुरीसुद्धा लोकरीतून सुटत नाही. पैसा उरलाय तो मटणात आणि माडग्याळी नरात. जत तालुक्यातल्या माडग्याळची ही जात: उंच, लांब मानेची, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके आणि राघूच्या चोचीसारखं बाकदार नाक. सगळे पैसे त्या नाकाचे. 2020 मध्ये आटपाडीच्या एका मेंढ्याला 70 लाखांची मागणी आली आणि मालकाने तरी दिला नाही. तेव्हापासून आमच्या भागातल्या पोरांची झोप उडालीय. माझीही उडाली होती, पोरगं म्हणायचं वय सरलेलं असूनही.

गेल्या वर्षी एका हेड्याने, म्हणजे जनावरांच्या दलालाने, फोनवर फोटो पाठवले. "त्याच मेंढ्याची पैदास हाय, पाव्हणं." भाव 1 लाख, घासाघीस करून 85,000 वर आला. नाक फोटोत जरा सपाट वाटलं, तसं बोललोही. तर म्हणाला, "अजून दुधाचंच दात हायती. वय वाढंल तसं नाक वाकंल." हे वाक्य मी गिळलं आणि 20,000 इसार फोनवरूनच पाठवला. बाजारात येऊन व्यवहार करू म्हटलं, तर "बाजारात दहाजण भाव वाढवत्यात, घरपोच आणून देतो."

पिकअप आली रात्री साडेनऊला. वीज गेलेली. मोबाईलच्या उजेडात ठिपके बघितले, पाठीवर थाप मारली. कानाला भोक होतं, बिल्ला नव्हता. "रानात झुडपात तुटला." पोट टमटमीत होतं, मला वाटलं खाऊन-पिऊन धष्टपुष्ट आहे. बाकीचे 65,000 मोजून दिले. पावती मागायची लाज वाटली, खरं सांगायचं तर. रुमालाखाली बोटं धरून सौदे करणाऱ्यांच्या घरातले आम्ही, कागद कशाला?

सकाळी चुलते आले. त्यांनी नाकाकडे बघितलंच नाही. मेंढा गुडघ्यात धरला आणि अंगठ्याने खालचा ओठ ओढला. समोर चार मोठे, रुंद पक्के दात, बाजूला दुधाचे बारके. दोन दाती म्हणजे साधारण वर्ष-दीड वर्षाचा, चार दाती म्हणजे दोनच्या आसपास. "ह्यो आता काय वाकायचा न्हाई," एवढंच बोलले आणि चहा प्यायला बसले. तिसऱ्या दिवसापर्यंत पोट ओसरलं. मीठ चारून पोटभर पाणी पाजतात, हे मला माहीत होतं. दुसऱ्याला दहा वेळा सांगितलंय मी.

तरी ठिपके होते ना, म्हणून मनाची समजूत घालत होतो. कार्तिकात उत्तरेश्वराच्या यात्रेला आटपाडीत न्यायचा बेत होता. आदल्या दिवशी विहिरीवर धुवायला घेतला. शाम्पूचा फेस आधी पिवळट, मग विटकरी व्हायला लागला. डोळ्याभोवतीचा ठिपका चोळला तर बोटांवर उतरला. केस फाकवून बघितले: टोकाला तांबूस, मुळाशी पांढरे. पहिल्या कातरणीत सगळं गेलं असतं, पण तोवर कोण थांबणार? बायको कट्ट्यावर बसून बघत होती. म्हणाली, "माझ्या केसांना एवढी मेंदी कधी मिळाली न्हाई."

हेड्याचा फोन तेव्हापासून बंद. तक्रार करायची तर हातात काय? फोटो दुसऱ्याच मेंढ्याचे, रोख पैशांची पावती नाही, बिल्ल्याचा नंबर नाही. 20,000 चा तेवढा पुरावा आहे, तोही कुणा तिसऱ्याच्याच खात्यावर गेलेला.

तुम्ही घेणार असाल तर दिवसाउजेडी घ्या. भर बाजारात, बाजार समितीची पावती करून. ओला फडका ठिपक्यावर घासा, विकणारा रागावला तर रागावू दे. रात्रभर उपाशी ठेवलेलं जनावर सकाळी काट्यावर चढवा. आणि अमक्याचं रक्त, तमक्याचं रक्त म्हणणाऱ्याला आई दाखवायला सांगा. बापाचं नाव कुणीही घेतं.

मेंढा आहे अजून. खाटकाला द्यायला मन झालं नाही, स्वभावाने गरीब आहे बिचारा. पोरं त्याला 'मेंदी' म्हणतात. यंदा त्याची सात कोकरं झाली, पाच काळी, दोन पांढरी. ठिपका एकावरही नाही.