बुद्धिबळ शिकताना आख्खे डाव बघावेत का नुसत्या पोझिशन सोडवाव्यात?

भाचा लातूरला अकरावीला हाय, परवा रात्री साडेअकराला त्याचा मेसेज, "मामा, टॅक्टिक्स जमायलंय पण मधल्या डावात काय करावं तेच सुचंना गेलंय, ग्रँडमास्टरचे आख्खे डाव बघू का त्यांच्या डावातल्या नुसत्या पोझिशन सोडवू?" टॅक्टिक्स म्हणजे दोन-तीन चालींत सोंगटी मारायच्या युक्त्या, अन् पोझिशन म्हणजे डावातला एकच क्षण पटावर मांडून तिथून चाल शोधायची. मी डाव बघणं अन् पोझिशन सोडवणं दोन्ही करून बसलोय, दोन्हीकडं वेळ पण घातलाय, म्हणून जरा सविस्तरच लिहितो, अजून कुणाला लागलं तर लागलं.

आधी एक, ऑनलाइन रेटिंग (खेळाची ताकद दाखवणारा आकडा) हजार-अकराशेच्या खाली असंल तर दोन्ही राहू द्या. तिथं डाव स्ट्रॅटेजीनं जात नाहीत, फुकटात घोडा गेला म्हणून जातात. रोज पझल सोडवा, लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर पैसे पण लागत नाहीत.

त्याच्या वरच्यांसाठी पोझिशनचा फायदा सरळ हाय. अर्ध्या तासात दोन-तीन होतात, कॉलेज-क्लास सांभाळून जमतं, अन् एकच विषय लावून धरता येतो, म्हणजे आठवडाभर नुसता स्वतःच्याच प्याद्यांनी कोंडलेला उंट, मग आठवडाभर प्यादी नसलेल्या मोकळ्या पट्टीवरचे हत्ती. लातूर पॅटर्नच म्हणा ना, प्रश्नसंच घ्या अन् घासत बसा. पण खोट पण तीच हाय, पोझिशन समोर आली की आपल्याला आधीच माहीत असतं की इथं काहीतरी भारी चाल हाय. खऱ्या डावात असं कानात कोण सांगतंय?

आख्ख्या डावाचं उलटं. तिथं चाल कुठून आली ते दिसतं, पण वेळ लै जातो, पहिल्या दहा-बारा चाली ओपनिंगच्या, त्या आपल्याला अर्ध्या कळत नाहीत, अन् यूट्यूबवर कुणी समजावून सांगायलं की आपण नुसती मान हलवतो, सगळं कळल्यासारखं वाटतं अन् दुसऱ्या दिवशी पाटी कोरी.

आता एक उदाहरण घेऊ, म्हणजे फरक कळंल. अमेरिकेचा फिशर विरुद्ध सोव्हिएतचा पेट्रोशियन, 1971, ब्युनोस आयरिस, कँडिडेट्स फायनलचा (जगज्जेत्याला आव्हान कोण देणार ते ठरवणारा सामना) सातवा डाव. फिशर पांढऱ्यानं खेळतोय, त्याचा घोडा सी-5 वर (अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी ओळ) असा बसलाय की कुणीबी म्हणंल आता हा मेला तरी हलवायचा नाही. काळ्याचा, म्हणजे पेट्रोशियनचा, डी-7 चा उंट मात्र बिचारा, ए-6 अन् डी-5 ची स्वतःचीच प्यादी त्याच्या रंगाच्या घरांवर वाट अडवून. अन् 22 व्या चालीला फिशर तो राजबिंडा घोडा देऊन तो रद्दी उंट मारतो! नुसती पोझिशन म्हणून मला ही दिली तेव्हा मी घोड्याला हात पण लावला नव्हता. उत्तर बघून पाठ केलं, समजलं काहीच नाही.

मग डाव मागं नेला अन् तिथं उजेड पडला. 17 व्या चालीला फिशरनं काळ्या घरांचे उंट मारामारी करून पटावरून काढले, 18 व्याला प्यादं बी-4 ला ढकललं, 19 व्याला घोडा सी-5 वर, म्हणजे ते घर आधी तयार केलं मग घोडा बसवला. अन् पेट्रोशियननं 21 व्याला उंट डी-7 वर आणला तो उगाच नाही, त्याला बी-5 वर येऊन फिशरच्या चांगल्या उंटाशी अदलाबदल करायची होती. म्हणजे तो रद्दी उंट सुटायच्या बेतात होता! घोड्यानं तो मारला, दोन चालीत फिशरचा हत्ती सी-7 वर, पुढं दुसरा पण सातव्या ओळीत, 34 व्या चालीला पेट्रोशियननं डाव सोडला.

म्हणून माझं मत विचाराल तर सुरुवात पोझिशनपासून, पण उत्तर बघून उठायचं नाही. खरा पट मांडा, मोबाईल लांब ठेवा, पंधरा मिनिटं विचार करून चाल अन् कारण वहीत लिहा, चुकलं तरी लिहा, मग उत्तर बघा अन् डाव दहा चाली मागं नेऊन तिथून खेळत या. आठवड्याला अशा चार झाल्या तरी लै झाल्या. इंजिन, म्हणजे चाल शोधणारा कॉम्प्युटर प्रोग्राम, सगळ्यात शेवटी, ते चाल सांगतं, कारण सांगत नाही.

भाच्याला पहिली दिलीय ती कापाब्लांका विरुद्ध टार्टाकोव्हर (दोघं जुन्या काळचे नामी खेळाडू), न्यूयॉर्क 1924, हत्तींचा एंडगेम (डावाचा शेवटचा भाग), ज्यात पांढरा राजा शह खात दोन प्यादी सोडून थेट काळ्याच्या घरात घुसतो. काल त्याचा मेसेज आला, "मामा, असा राजा पुढं नेला तर मरंल ना तो?" म्हणलं रविवारपर्यंत इंजिन लावायचं नाही, वहीत लिही कसा मरतो ते.