रिकॉलमध्ये बदललेली अल्टरनेटर केबल: काही महिन्यांच्या वापरानंतर

मूळ दोष असा: बसच्या अल्टरनेटरकडून (इंजिनवर फिरून वीज तयार करणारं यंत्र) बॅटरीकडे जाणारी जाड केबल ब्रॅकेटच्या धारेवर टेकायची. थरथरीने इन्सुलेशन कापलं जायचं आणि तांबं चेसिसला लागलं की ठिणगी. रिकॉलमध्ये, म्हणजे दोष काढायला कंपनीने गाड्या परत बोलावल्या तेव्हा, केबल नव्या मार्गाने नेली, धारेवर रबरी ग्रोमेट (संरक्षक कडं) आणि दोन जादा क्लॅम्प बसवले, बॅटरीजवळ फ्यूज घातला.

घासण्याचं दुखणं खरंच गेलं. क्लॅम्प सोडून पाहिलं तर इन्सुलेशनवर साधा ओरखडाही नाही.

फ्यूज आहे म्हणून निर्धास्त राहू नये, एवढं मात्र ठासून सांगतो. फ्यूज शॉर्टमध्ये उडतो. लग (केबलच्या टोकाचं धातूचं कडं, जे नटाखाली बसतं) सैल झाला तर करंट वाढतच नाही, फक्त जोड तापतो. 24 व्होल्टच्या गाडीत 100 अँपिअर वाहत असताना जोडाचा रोध 5 मिलिओहम झाला, तर तिथे अर्धा व्होल्ट पडतो आणि 50 वॅट उष्णता तयार होते, तीही एका नटाखाली. सोल्डरिंग गन तिथे चालू ठेवल्यासारखंच ते. फ्यूजला याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून दर सर्व्हिसला ही तपासणी करावी. इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर, आतले दिवे सगळं चालू. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक लगवर, दुसरं स्टडच्या (नट ज्यावर बसतो तो आटे असलेला दांडा) टोकावर, नटावर नको. 0.1 व्होल्टच्या वर आकडा गेला की जोड उघडायचा. आधी इंजिन बंद, मेन स्विच बंद, मग बॅटरीची निगेटिव्ह काढायची. पृष्ठभाग ब्रशने चकचकीत करायचे. वॉशर लगच्या वर, नटाखाली; लग आणि त्याच्या बैठकीच्या मध्ये वॉशर गेला की करंट लोखंडातून जातो, आणि घाईच्या कामात नेमकं हेच होतं. कंपनीने दिलेल्या टॉर्कवर आवळून नट आणि स्टडवर रंगाची एक रेघ मारायची. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय.

तक्रारी दोन. फ्यूजची डबी फार खाली बसवलीय. प्रेशरने धुताना झाकणाच्या फटीतून पाणी जातं आणि पात्यांवर हिरवट थर चढतो. त्या बाजूला फवारा मारूच नये. दुसरी तक्रार कंपनीची नाही: नंतर सीसीटीव्ही, मार्गफलक बसवणारे त्याच स्टडवर आपले लग चढवतात. एका नटाखाली चार लग नीट बसत नाहीत. त्यांची जोडणी वेगळ्या फ्यूजमधून घ्यायला लावावी, नाहीतर गाडी ताब्यात घेऊ नये.