बॉक्सिंगचं अॅप, सात-आठ महिन्यांनंतर: मॅच बघायच्या आधीच रिझल्ट तोंडावर

परवा ऑटोपेनं महिन्याचे पैसे कापले आणि त्याच दुपारी पुन्हा तेच झालं, म्हणून लिहितोय. अॅपचं नाव घेत नाही, उगाच वाद नको. पिक्चर एक नंबर, जुन्या मॅचेस भरपूर, त्यात काही बोलायला जागा नाही.

तक्रार एकच, पण डोक्यात जाणारी. मी सातपूर एमआयडीसीत, शनिवारी थर्ड शिफ्ट. अमेरिकेतली शनिवार रात्र म्हणजे आपली रविवार सकाळ, रियाधची मॅच असली तर पहाट, म्हणजे मी एकतर मशीनवर नाहीतर झोपेत. ग्रुप म्यूट करायचे, मिसळ खाताना कोणी विषय काढला तर उठून जायचं, आणि एवढं सांभाळून दुपारी टीव्हीवर अॅप उघडलं की पहिल्याच स्क्रीनवर भलामोठा फोटो, जिंकलेला हात वर करून उभा, खांद्यावर बेल्ट, खाली सातव्या राउंडला नॉकआउट. अहो मग बघू काय? फोटो साधा असला तरी रिप्लेची लांबी दिसतेच. बारा राउंड मधल्या विश्रांतीसकट ४७ मिनिटं, रिप्ले अर्ध्या तासाचा दिसला की कोणीतरी आडवा झालाय हे शेंबड्या पोरालाही कळतं!

सपोर्टला विचारलं, रिझल्ट लपवायचं सेटिंग कुठंय? उत्तर आलं, कॅशे क्लिअर करा. पुन्हा विचारलं, तर अॅप काढून परत टाका. तिसऱ्यांदा विचारायच्या आत त्यांनी चॅटच बंद केली.

आणि जाणार कुठं? अमेरिकेतल्या टीव्ही चॅनेलवर बॉक्सिंग उरलंय किती. एचबीओनं १९७३ ला सुरू केलेलं २०१८ ला गुंडाळलं, शोटाइम २०२३ ला बाहेर, मॅचेस भरवणारी कंपनी टॉप रँक आणि ईएसपीएन चॅनेलचा करार २०२५ मध्ये संपला. नेटफ्लिक्सवरचं बॉक्सिंग म्हणजे मला निव्वळ तमाशा वाटायचा, नोव्हेंबर २०२४ ला ५८ वर्षांचा टायसन, दोन-दोन मिनिटांचे आठ राउंड आणि वर जगभरातून बफरिंगच्या तक्रारी. पण सप्टेंबर २०२५ ला कनेलो आणि क्रॉफर्ड या दोन बड्या बॉक्सरांची मॅच तिथंच झाली, खरीखुरी टायटल मॅच, वेगळे पैसे नाहीत, तेव्हा मत बदललं. बायकोच्या सिरीजसाठी ते घरात आहेच, मग मी दुसरीकडं का भरू?

माझा अंदाज, मोठ्या मॅचेस अशाच तिकडं सरकणार आणि बाकीच्या चार अॅपमध्ये वाटल्या जाणार. बॉक्सिंग नाही, पण पॅरामाउंट या अमेरिकन कंपनीनं यूएफसीसाठी, म्हणजे लाथाबुक्क्या-कुस्ती सगळं चालणाऱ्या मॅचेससाठी, सात वर्षांचे ७.७ अब्ज डॉलर मोजलेत, एवढा पैसा शेवटी कोणाच्या खिशातून निघतो ते काय सांगायचं.

पिक्चरला पाच स्टार, होम स्क्रीनला शून्य, म्हणून दोन देतोय. ऑटोपे बंद केलाय, इथून पुढं चांगली मॅच असेल त्या महिन्यापुरतंच घेणार, तेही सुट्टी मिळाली आणि लाइव्ह बघता आलं तर. रिझल्ट लपवायचं बटण कोणाला सापडलं तर खाली टाका, फक्त कॅशे क्लिअर करा म्हणू नका.