जुन्या गाडीचा अँटेना बदलला : काही महिने वापरून झाल्यावर

गाडी जुनी, रेडिओ तिच्यासोबतच आलेला, बटण फिरवून स्टेशन लावायचं अशातला. तो काढून टचस्क्रीन बसवायची नव्हती. पुढच्या मडगार्डवरचा ओढून लांब करायचा अँटेना झाडाच्या फांदीत अडकून वाकला आणि सरळ करताना सांध्यात तुटला. उरलेल्या बुंध्यावर जवळची एफएम स्टेशनं कशीबशी लागत होती, मीडियम वेव्हवर मात्र नुसती खरखर. आता नव्या अँटेनावर एक अख्खा पावसाळा निघाला आहे आणि मी समाधानी आहे. मात्र या समाधानात दांडीचा वाटा कमी, ती कशी बसवली त्याचा जास्त.

आधी निवडीबद्दल. बाजारात बोटभर लांबीचे अँटेना मिळतात, शार्कच्या पंखासारखे चिकटवायचेही मिळतात. दिसतात छान. पण एफएमच्या लहरीची लांबी साधारण 3 मीटर असते आणि तिचा चौथा हिस्सा म्हणजे 75 सेंटिमीटरच्या आसपास. जुन्या गाड्यांच्या दांड्या तेवढ्या लांब असायच्या त्यामागे हेच कारण. आखूड अँटेनाला ही तूट भरून काढायला आत अँप्लिफायर लागतो आणि त्या अँप्लिफायरला 12 व्होल्टचा पुरवठा लागतो. जुन्या रेडिओच्या सॉकेटमधून तो येत नाही, वेगळी वायर ओढावी लागते. नुसता चिकटवायचा पंख तर बरेचदा फक्त शोभेचा असतो. म्हणून मी साधी, न दुमडणारी स्टीलची, पूर्ण लांबीची दांडी घेतली. तिच्यावर बारीक तार नागमोडी गुंडाळलेली आहे. ती नक्षी नव्हे. गुळगुळीत गोल दांडीमागे वारा ठरावीक लयीत भोवरे सोडतो आणि वेगात गाडी गुणगुणायला लागते, ती लय ही तार मोडते. जुना अँटेना मोठ्या रस्त्यावर शिट्टी मारायचा, हा गप्प असतो.

अँटेना विकत घेण्याआधी मल्टिमीटर लावून बघा, हा माझा आग्रह आहे. केबलच्या प्लगची मधली पिन आणि दांडी यांच्यात रोध जवळपास शून्य यायला हवा. पिन आणि बाहेरचं कवच यांचा एकमेकांशी अजिबात संबंध नको. कवच आणि गाडीचा पत्रा यांच्यात एक ओहमपेक्षा कमी. माझ्या गाडीत पहिली आणि तिसरी दोन्ही मापं बिघडलेली होती. पहिलं तुटलेल्या सांध्यामुळे, तिसरं बुडाखालच्या गंजामुळे. म्हणजे नुसती दांडी बदलून अर्धाच आजार गेला असता.

कारण अँटेना म्हणजे फक्त वरची काठी नव्हे, खालचा पत्रा हा त्याचा दुसरा अर्धा भाग आहे. बुडाचं अर्थिंग कच्चं असेल तर स्टेशन क्षीण होतंच, शिवाय स्पार्क प्लगची टिकटिक आत शिरते आणि अॅक्सिलरेटर दाबला की तीही वेगाने वाजते. माझ्याकडे मडगार्डच्या भोकाभोवती आतून तपकिरी पापुद्रे सुटत होते. ते पॉलिश पेपरने घासत घासत, पत्रा लख्ख दिसेपर्यंत काढले. दात असलेला वायसर नेमका त्या उघड्या पत्र्यात रुतेल असा लावला, नट आवळला आणि मगच वरून गंजरोधक प्रायमर आणि रंग दिला. हा क्रम उलटा झाला तर वायसर रंगावरच बसतो आणि सगळी मेहनत पाण्यात.

केबल ओढणं हे वाटतं तेवढं कठीण नाही. जुन्या केबलच्या रेडिओकडच्या टोकाला मजबूत सुतळी बांधायची, केबल मडगार्डमधून बाहेर ओढून घ्यायची, की सुतळी तिच्या वाटेवर पसरलेली राहते. मग तिच्याच आधाराने नवी आत. पत्र्यातून केबल जाते तिथलं रबरी बूच मात्र नवं घ्या आणि बुचाआधी केबलला खाली झोळ ठेवा, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं, डॅशबोर्डमागे उतरत नाही. पावसात पायाखालचं कार्पेट कोरडं राहिलं ते या झोळामुळे.

केबल कमी पडली तर टीव्हीची जोडू नका. गाडीच्या अँटेनाच्या केबलमध्ये मधली तार केसासारखी बारीक असते आणि भोवती बरीचशी हवा, तिची कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवून धरण्याची क्षमता, कमी राहावी म्हणून. मीडियम वेव्हची लहर शेकडो मीटर लांब असते. तिच्यापुढे ही दांडी अगदीच तोकडी, त्यामुळे हाती येणारा सिग्नल जेमतेम, आणि जास्त कपॅसिटन्सची टीव्हीची केबल तोही वाटेत गिळते.

जुना रेडिओ असेल तर आणखी एक काम राहतं, ते बरेच जण सोडून देतात. अँटेनाच्या सॉकेटजवळ एक बारीक स्क्रू असतो, ट्रिमर. 1400 किलोहर्ट्झच्या आसपासचं एखादं क्षीण स्टेशन लावायचं आणि आवाज सर्वांत मोठा येईल तिथे तो स्क्रू हळूहळू आणून थांबायचं. अँटेना बदलला की ही जुळणी बदलतेच. मी स्क्रू फिरवला तसं खरखरीमागचं बोलणं पुढे आलं, शब्द न् शब्द कळायला लागला. रात्री मीडियम वेव्हवर लांबची स्टेशनं पुन्हा लागतात याचा मला खरंच आनंद आहे.

इतक्या महिन्यांत तक्रारी किरकोळ. धक्क्यांनी वरचा नट थोडा सैल झाला होता, एकदा आवळल्यावर पुन्हा हलला नाही. सोबत आलेलं रबरी गॅस्केट उन्हाने कडक झालं आहे आणि कडेला भेगा दिसतात, म्हणून जाड प्रतीचं बदलून घेणार आहे. दांडी आट्यांवरून काढता येते, पण मधूनमधून फिरवली नाही तर आटे धरतात, तिथे पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवलं की पुरतं. गाडी धुण्याच्या यंत्रात घालायच्या आधी ती काढून ठेवावीच लागते.

एक खरखर मात्र नव्या अँटेनानंतरही राहिली होती. ती फोनच्या चार्जरची निघाली. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून स्वस्तातला चार्जर उपसला की ती तत्क्षणी बंद. अँटेनाला दोष देण्याआधी तेवढं बघून घ्या.