वाकड्या चोचीची चिमी आणि एकवीस दिवसांचं औषध

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या काट्यावर आमची कोंबडी चिमी 640 ग्रॅम भरली. तिच्याच वयाची, तिच्याबरोबर वाढलेली दुसरी तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, घरी सव्वा किलोच्या आसपास होती. डॉक्टरांनी चिमीच्या छातीवरून बोट फिरवलं, मग माझं बोट धरून तिथेच फिरवायला लावलं. मांस नव्हतंच, सुरीच्या पाठीसारखं नुसतं हाड लागलं. ते म्हणाले, “काकू, हिला रोग काही नाही. ही उपाशी आहे.” हे मला तीन आठवडे आधी कळायला हवं होतं. ते तीन आठवडे एका माणसाने मला फोनवर गुंतवून ठेवलं. पैसे किती गेले तेही सांगते, पण मला जास्त लागलंय ते त्या दिवसांचं.

आम्ही भोर तालुक्यात राहतो. घरामागच्या पडवीला लागून खुराडं आहे. धंदा नाही, अंडी घरापुरती आणि उरलीच तर शेजारी. 2024 च्या एप्रिलमध्ये मोटारसायकलला डालगी बांधून फिरणाऱ्याकडून गावरान म्हणून सहा पिल्लं घेतली. दोन मांजराने नेली. उरलेल्या चारांत चिमी सगळ्यांत बारकी. दीड महिन्याची झाली तेव्हा तिची वरची चोच डावीकडे सरकल्यासारखी वाटली. जुलै संपेपर्यंत वरची डावीकडे आणि खालची उजवीकडे, उघड्या कात्रीच्या पात्यांसारखी झाली. दाणा दिसायचा, ती मान तिरपी करून टिपायला जायची, दाणा निसटायचा. बाकीच्या तोवर सगळं साफ करून मोकळ्या. पुन्हा पुन्हा चोच आपटणारं ते पाखरू बघवत नव्हतं.

त्या काळजीतच मी मोबाईलवर शोधलं. एक व्हिडिओ सापडला. आधी वाकड्या चोचीची तांबूस कोंबडी, मग “21 दिवसांनंतर” तीच कोंबडी सरळ चोचीने मका टिपतेय. खाली नंबर. फोन लगेच उचलला. आवाज मऊ, बोलणं अदबीचं. “मावशी, तुम्ही मुक्या जिवासाठी एवढं करताय, नाहीतर लोक अशी कोंबडी कापून खातात.” या एका वाक्याने मी त्याची झाले. तो स्वतःला कोंबड्यांचा डॉक्टर म्हणवत होता. मी त्याचं शिक्षण विचारलं नाही, दवाखाना कुठे आहे तेही विचारलं नाही.

आधी सल्ल्याचे 300 घेतले. मग चोच सरळ करणारं तेल आणि चोचीला लावायचा चाप, दोन्हीचे 1,450. कुरिअर आलं. बाटलीवर ना बनवणाऱ्याचं नाव, ना तारीख. वास सरळ मोहरीच्या तेलाचा. चाप म्हणजे प्लास्टिकची चिमटी आणि रबर. रोज दोन तास लावायचा, आणि त्या काळात खायला द्यायचं नाही, “म्हणजे हाड वळतं” असं त्याने सांगितलं. मी तसंच केलं. चिमी पायाने चाप ओरबाडायची, मी तिला पदरात धरून बसायचे. आधीच उपाशी असलेल्या जिवाला मी माझ्या हाताने आणखी उपाशी ठेवत होते, हे लिहिताना आजही हात थांबतो.

आठव्या दिवशी फरक दिसेना तेव्हा दुसऱ्या टप्प्याची बाटली, 900. मग तो म्हणाला की शरीरात कॅल्शियम अडलंय, तपासणी लागेल, 2,200. कसली तपासणी? विष्ठेचा फोटो पाठवा म्हणाला. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर शिक्का मारलेला रिपोर्ट आला. रक्ताचा थेंब कुणी घेतला नव्हता, विष्ठाही कुठे गेली नव्हती, आणि फोटोवरून कॅल्शियमचा आकडा निघाला होता. तेव्हा मला तो खरा वाटला. शिक्का, सही, इंग्रजी, तीनही होतं.

एकूण 4,850 रुपये.

विसाव्या दिवशी चिमी खुराड्यातून उतरेना. मी रडत फोन केला तर तो क्षणात म्हणाला, “मावशी, तुमचे सगळे पैसे परत करतो. कोड पाठवलाय, स्कॅन करा आणि पिन टाका.” मी स्कॅन केलासुद्धा. सून शेजारीच भाजी निवडत होती. तिने माझ्या हातून फोन ओढून घेतला. “आई, पैसे यायला पिन लागत नाही. पिन टाकला की जातात.” पडद्यावर 4,850 पाठवायचेच लिहिलेलं होतं. त्यानंतर त्याने नंबर बंद केला नाही, फक्त माझा उचलायचा सोडला. सुनेने 1930 या सायबर फसवणुकीच्या नंबरवर तक्रार नोंदवली. तिथे सांगितलं की पैसे गेल्यावर जितक्या लवकर कळवाल तितकी ते मध्येच अडवायची आशा असते. आमचे पहिले पैसे जाऊन तीन आठवडे होत आले होते. एक रुपया परत आलेला नाही.

दुसऱ्या दिवशी डालग्यात घालून तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे केसपेपरच्या किरकोळ पैशांत जे कळलं ते इतकं साधं होतं की मला स्वतःचा राग आला. अशी चोच जन्मजात दोषाने होते, उबवताना तापमान बिघडल्यानेही होऊ शकते, कधी लहानपणीच्या इजेने होते. हाडच तिरकं वाढलं की कोणतंही तेल, कोणताही चाप ते सरळ करत नाही. कॅल्शियम किंवा ड जीवनसत्त्व कमी पडून चोच मऊ पडते तो प्रकार वेगळा, आणि तो अगदी लहान पिल्लात वेळेवर ओळखला तर सुधारू शकतो. वाकड्या चोचीने कोंबडी मरत नाही, भुकेने मरते. म्हणून इलाज चोचीचा नसतो, ताटलीचा असतो.

ग्रोअरचं, म्हणजे वाढत्या कोंबड्यांचं बारीक खाद्य पाण्यात भिजवून शिऱ्यासारखं करायचं, आणि उथळ ताटलीत नाही तर चार बोटं खोल वाडग्यात द्यायचं, म्हणजे चोच आत रुतते आणि जीभ खाद्यापर्यंत पोचते. पाण्याचं भांडंही खोल. खाताना तिला वेगळं ठेवायचं, नाहीतर धीट कोंबड्या टोचून हाकलतात. वरच्या चोचीचं टोक वाढतच राहतं, कारण ते खालच्या चोचीवर घासलं जात नाही. ते दर तीन-चार आठवड्यांनी नखं कापायच्या कटरने थोडं थोडं कापायचं आणि कानशीने घासायचं. फिकट चोच असेल तर मागे मोबाईलचा उजेड धरला की आत लालसर रेघ दिसते, तिच्या अलीकडेच थांबायचं. चुकून रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉवर दाबून धरायचं. पहिल्यांदा डॉक्टरांनी माझ्यासमोर करून दाखवलं, तुम्हीही पहिल्यांदा कुणाकडून बघूनच करा. आणखी एक, जे मला कधीच सुचलं नसतं: अशा कोंबडीला पिसं नीट साफ करता येत नाहीत, म्हणून शेपटीखाली आणि पंखांच्या आत उवा साठतात. चिमीच्या अंगावर त्या ढिगाने होत्या. हिची अंडी उबवायला ठेवू नका, हेही त्यांनी बजावलं.

गावात दवाखाना लांब असेल तर 1962 हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर आहे. आणि फोनवर कुणी डॉक्टर म्हणवून घेतलं तर नोंदणी क्रमांक विचारा. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने पशुवैद्यकाला नोंदणी लागते, आणि खऱ्या माणसाला तो क्रमांक सांगायला संकोच वाटत नाही. मी हे विचारलं असतं तर पहिल्याच फोनला बोलणं संपलं असतं.

चिमी दोन महिन्यांत किलोभर झाली. खाताना अजून छातीभर चिखल करते, मी पुसते.

गेल्या महिन्यात सुनेने मला एक व्हिडिओ दाखवला. त्याच आवाजाचा, नव्या नंबरचा. “आधी” म्हणून जी कोंबडी दाखवली आहे तिच्या तुऱ्याचं मागचं टोक तुटलेलं आहे आणि शेजारी दांडा मोडलेला निळा मग आहे. तो मग आमच्या मोरीतला. मी त्याला उपचारासाठी पाठवलेलंच ते चित्रण. “21 दिवसांनंतर” दिसते ती वेगळीच कोंबडी, तिचा तुरा अखंड आहे आणि पायही पिवळे, चिमीचे राखाडी आहेत. तो व्हिडिओ तुमच्यापर्यंत आला तर एवढं लक्षात ठेवा: तुटक्या तुऱ्याची ती माझी चिमी आहे, आणि तिची चोच अजून वाकडीच आहे.